ठसा बघा, मग मूठ

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातली श्रेड कंपनी १९०४ साली वॉल्डनमध्ये सुरू झाली आणि २००४ मध्ये एलेनव्हिलच्या कारखान्याला कुलूप लागलं. तिचा खिशातला चाकू हाती आला, की पातं उघडून आधी मुळाशी पाहावं, जिथे पातं मुठीत शिरतं. तिथला ठसा म्हणजे चाकूचा जन्मदाखला. 'श्रेड कट को' असेल तर चाकू १९४६ च्या आधीचा. 'श्रेड-वॉल्डन' असेल तर त्यानंतरचा, साधारण १९७३ पर्यंतचा. नुसतं 'श्रेड' आणि खाली 'यूएसए' असेल तर त्याही पुढचा. 'यूएसए' नसेल तर सावध व्हा. कंपनी बंद पडल्यावर नाव विकलं गेलं आणि चाकू चीनमधून येऊ लागले.

खरी गंमत वेगळ्या नगांत असते. ठसा बदलला तरी आधीची पाती कोणी फेकून देत नव्हतं. म्हणून तीन पात्यांच्या चाकूत दोन पाती एका ठशाची, तिसरं दुसऱ्याच ठशाचं, असं सापडू शकतं. श्रेडच्या 'ओल्ड टायमर' या मालिकेची नेहमीची मूठ तपकिरी डेलरिन प्लॅस्टिकची, करवतीच्या रेघांची; कंपनीच्या जुन्या चाकूंच्या मुठी बऱ्याचदा हाडाच्या. भिंगाखाली हाडात बारीक छिद्रं दिसतात, प्लॅस्टिकमध्ये नाहीत.

पण कारखान्यातले उरलेले सुटे भागही बाहेर गेले आणि त्यांतून लोकांनी घरीच 'दुर्मीळ' चाकू जुळवले. खिळ्यांची डोकी पाहा: ती ताजी ठोकलेली, चकचकीत असतील आणि मुठीच्या कडेला फट असेल, तर पाकीट खिशातच राहू द्या.