चावी कुणाच्या खिशात?

बंकावरच्या पोरानं हात दाखवला म्हणून दाजींनी इंजिन बंद केलं आणि तिथंच फसलो. (बेंगळुरूत पेट्रोल पंपाला बंक म्हणतात. चार दिवस राहिलं की आपल्याही तोंडात तेच बसतं.) पेट्रोल भरून झालं, पैसे दिले, दाजींनी बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. समोरच्या पडद्यावर चावीचं चित्र आणि त्यावर फुली. दाजींनी सगळे खिसे चाचपले, ताईनं पर्स मांडीवर उलटी केली, मी सीटखाली हात घालून दोन जुनी चॉकलेटं आणि एक मोजा बाहेर काढला. चावी नव्हती. मागच्या रांगेतून हॉर्न सुरू झाले.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. इंदिरानगरहून आम्ही चांगले चार किलोमीटर आलो होतो, तेही पावसात, तीन सिग्नल ओलांडून. चावी नव्हती तर आलो कसे?

झालं होतं ते असं. १०० फुटी रस्त्यावरच्या एका हॉटेलात आम्ही जेवायला गेलो होतो. दारात मोठी छत्री, छत्रीखाली उंच टेबल, टेबलामागे खिळे मारलेला फळा आणि खिळ्याखिळ्याला चाव्या. व्हॅले पार्किंग. गाडी पोराच्या हवाली केली, त्यानं टोकनाचा तुकडा फाडून दिला. जेवून बाहेर आलो तर धो धो पाऊस. "बर्ता इदे सर, ऐदु निमिष." म्हणजे येतेय, पाच मिनिटं. ती पाच मिनिटं पंचवीस मिनिटांनी संपली. गाडी आली ती चालूच होती. रेनकोटातल्या पोरानं उतरून दार धरलं, आम्ही डोक्यावर पिशव्या घेऊन आत घुसलो, मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा लावून धरला आणि दाजी निघाले. निघताना गाडीनं पीं पीं केलं. दाजी म्हणाले, "मागचा पट्टा लाव रे." मी लावला. थोड्या वेळानं पीं पीं थांबलं, म्हणजे पट्ट्याचंच होतं, अशी सगळ्यांची खात्री पटली.

चावी तेव्हा त्या पोराच्या रेनकोटाच्या खिशात होती.

बटणवाल्या गाडीची चावी ही फिरवायची वस्तू राहिलेली नाही, तो एक चिमुकला रेडिओ आहे. आपण बटण दाबलं की आधी गाडी हाक मारते, १२५ किलोहर्ट्झच्या लहरीवर. या लहरीची लांबी तब्बल २.४ किलोमीटर, चालत जायला अर्धा तास लागेल एवढी. पण एवढ्या अजस्र लहरीचा अँटेनाच्या अगदी जवळ जाणवतो तो फक्त चुंबकी जोर, आणि तो फार झपाट्यानं उतरतो. अंतर दुप्पट झालं की जोर आठव्या हिश्श्यावर. त्यामुळे एवढ्या लांबीच्या लहरीची हाक ऐकू जाते जेमतेम मीटर-दीड मीटरवर. खिशातली चावी ती ऐकून जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. हाकेत दर वेळी नवा आकडा असतो. चावी आपल्या पोटातलं गुपित आणि तो आकडा यांचं गणित मांडून उत्तर काढते, गाडी तेच गणित स्वतःशी करून पाहते. जुळलं, तर इंजिन. हा सगळा सवाल-जवाब बोट बटणावरून उठायच्या आत आटोपलेला असतो.

आणि एकदा इंजिन सुरू झालं की चावी नाहीशी झाली तरी गाडी फक्त कुरकुरते, थांबत नाही. हे मुद्दाम असं ठेवलंय. चावीतला बटणाएवढा सेल भर हायवेवर मान टाकू शकतो. त्या क्षणी इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा होतो. तेव्हा चावी हरवली तरी चालेल, माणसं राहू देत, असा तो हिशेब. त्याच हिशेबानं आमची गाडी चार किलोमीटर निमूट आली होती. उलटा प्रकारही होतो. मालक गाडी चालू ठेवून चावी खिशात घालून आत जेवायला जातो. पोरगा गाडी तळघरात नेतो, सवयीनं बंद करतो, आणि मग ती तिथून हलत नाही. पुढे पोरगा वर येऊन टेबलाटेबलाशी "सर, पांढरी गाडी तुमची का?" विचारत हिंडतो.

टोकनावर एक मोबाइल नंबर होता. दाजींनी फोन लावला, पलीकडून "स्वल्प ऍडजस्ट माडि सर, पोराला रिक्षानं पाठवतो" असं उत्तर आलं. बंकवाल्यांनी आणि आम्ही मिळून गाडी ढकलत हवा भरायच्या जागेशी लावली. वाट पाहण्याशिवाय काम नव्हतं म्हणून मी टोकनाची मागची बाजू वाचायला घेतली. बारीक अक्षरात छापलं होतं: वाहन मालकाच्या जबाबदारीवर, चोरी वा नुकसानीला व्यवस्थापन जबाबदार नाही.

या एका ओळीवर आपल्या देशात वर्षानुवर्षं खटला चाललेला आहे. १ ऑगस्ट १९९८ ला रात्री अकराच्या सुमारास एक गृहस्थ दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात गेले आणि आपली मारुती झेन त्यांनी दारातल्या माणसाच्या ताब्यात दिली. एक वाजता बाहेर येतात तो गाडी दुसराच कुणी घेऊन गेलेला. तिघे तरुण आपली गाडी लावून आत गेले होते. थोड्या वेळानं बाहेर येऊन त्यांनी आपली गाडी मागितली, आणि त्या गडबडीत त्यांतल्या एकानं टेबलावरची झेनची चावी उचलली, सरळ पार्किंगमध्ये गेला, रखवालदार अडवायला धावला तोवर सुसाट निघून गेला. झेन पुन्हा कधीच सापडली नाही. विमा कंपनीनं २ लाख ८० हजार रुपये भरले आणि मग मालक व कंपनी मिळून हॉटेलच्या मागे लागले. हॉटेलचं म्हणणं हेच: टोकनावर छापलंय की.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १४ नोव्हेंबर २०१९ ला. तो लिहिला न्या. मोहन शांतनगौडर यांनी, म्हणजे आमच्या बंकापासून काही किलोमीटरवरच्या कर्नाटक उच्च न्यायालयात पूर्वी न्यायाधीश असलेल्या गृहस्थांनी. त्यांनी १८७२ च्या करार कायद्यातला निक्षेप बाहेर काढला. कलम १४८ सांगतं की वस्तू परत करण्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या हाती सोपवली की निक्षेप झाला. कलम १५१ सांगतं की ती ज्याच्याकडे ठेवली त्यानं स्वतःच्या वस्तूची शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी घ्यायची. चावी हातात घेतली म्हणजे गाडी ताब्यात घेतली. आता ती का देता येत नाही, हे आधी हॉटेलनं सांगायचं, आणि स्वतःच्या हलगर्जीपणावर छापील ओळीचं पांघरूण घालायचं नाही. रेल्वेचं जाळं विणलं जात असतानाच्या काळातला हा कायदा, पोत्यांचा आणि गाठोड्यांचा विचार करून लिहिलेला. तो खिळ्याला टांगलेल्या चावीला इतका चपखल बसावा, याचं मला त्या पावसात फार कौतुक वाटलं. दाजींना वाटलं नाही.

एवढ्यात रिक्षा आली. पोरगा उडी मारून उतरला, धापा टाकत चावी पुढे केली. दाजींनी बटण दाबलं. फुली. चावीवरचं बटण दाबून पाहिलं, दार उघडेना. कंपनी तीच, आकार तोच, रंग तोच, चावी दुसऱ्याच पांढऱ्या गाडीची.

चाव्यांचा असा घोळ वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. टेबलावर गाडीची ओळख म्हणजे नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे. केए-०३ इंदिरानगर, केए-०५ जयनगर, ते कुणी पाहत नाही, ओरडतात ते फक्त "चौतीस बारा!" चार आकड्यांत ९,९९९ नंबर बसतात, तेव्हा दोन गाड्यांचे आकडे सारखे निघणं अशक्यप्राय वाटतं. गणित मात्र गाड्यांचं नाही, जोड्यांचं असतं. ८० गाड्यांच्या ३,१६० जोड्या होतात, आणि मग कुठले तरी दोन नंबर जुळण्याची शक्यता चारात एकाहून थोडी जास्त निघते. सुमारे १२० गाड्या झाल्या की ती निम्म्यावर जाते. त्यात लोक हौसेनं पैसे भरून ठरावीक नंबर घेतात, म्हणजे गर्दी आणखी. मग टोकन खरं, नंबर खरा, आणि गाडी भलत्याची.

चावीवरच्या बटणाची तऱ्हाही मजेची आहे. दर दाबेला ती नवा संकेत पाठवते, जुना कधी पुन्हा चालत नाही. कीलॉक नावाची अशी एक पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि जगभरच्या गाड्यांत गेली. चावी आणि गाडी दोघी आपापल्या परीनं मोजत असतात. आता पोरं तळघरात गाडी शोधताना काय करतात, तर हात उंच करून बटण दाबत फिरतात, कुठं लुकलुकतंय का बघत. पल्ल्याबाहेर दाबलेली प्रत्येक दाब चावी मोजते, गाडीला पत्ता नसतो. थोडा फरक गाडी चालवून घेते, कीलॉकमध्ये सोळा दाबांपर्यंत. त्यापुढे मात्र तिला लागोपाठ दोन बरोबर संकेत ऐकायचे असतात. पहिल्यांदा दाबलं, उघडलं नाही, दुसऱ्यांदा उघडलं. पोरं याला "मूडी गाडी" म्हणतात.

तर आमची खरी चावी कुठं? पोरगा कपाळावर हात मारून म्हणाला, "रेनकोट!" रेनकोट होता एकच. तो त्यानं पुढच्या पोराला दिला होता, आणि तो गेला होता दुसऱ्या तळघरात, आतली एक गाडी सोडवायला.

"सोडवायला" हा शब्द अगदी बरोबर. इंदिरानगर हे मुळात राहत्या घरांचं. तिथं प्लॉटला साइट म्हणतात आणि तिची ओळख मापानं देतात: फॉर्टी-सिक्स्टी, म्हणजे ४० बाय ६० फूट. एका कुटुंबासाठी आखलेल्या तेवढ्या जागेवर आता तीन मजली हॉटेलं उभी आहेत. खांब विसरलो तर खाली पाच गाड्यांच्या चार रांगा बसतात, वीस गाड्या. फक्त मधे वाट ठेवायची नाही. सगळ्यात आतल्या गाडीचा मालक सगळ्यात आधी जेवून उठतो, हा या धंद्यातला अलिखित नियम. मग एक गाडी पुढे, दोन रस्त्यावर, एक शेजारच्या गेटसमोर, शेजारचे आजोबा गॅलरीतून ओरडेपर्यंत.

असंच एक खेळणं आहे, रश अवर. जपानच्या नोबुयुकी योशिगाहारा यांनी काढलेलं. चौकटीत अडकलेल्या प्लास्टिकच्या गाड्या पुढेमागे सरकवून लाल गाडी बाहेर काढायची. सहा वर्षांचं पोर खेळतं. २००२ मध्ये गॅरी फ्लेक आणि एरिक बॉम यांनी सिद्ध केलं की पट मोठा करत नेला तर हे कोडं संगणकासाठी फार अवघड कोड्यांच्या वर्गात बसतं, पीस्पेस-कंप्लीट म्हणतात त्याला. कुठल्याही मोठ्या पटावर झटकन चालेल अशी रीत कुणाला सापडलेली नाही. सहा वर्षांच्या पोराचा खेळ तो, आणि अठरा वर्षांचा पोरगा तेच कोडं रात्री अकराला, भिजलेल्या चपलांनी, लोकांच्या पंधरा-पंधरा लाखांच्या सोंगट्या घेऊन सोडवतो. त्यात ओरखडा पडतो याचं नवल नाही. रोज पडत नाही, याचं आहे.

टेस्लाच्या गाड्यांत यावर व्हॅले मोड दिलाय. परक्या हाती गाडी गेली की वेग ताशी ११३ किलोमीटरच्या वर जात नाही. टॉमटॉमच्या २०२२ च्या पाहणीत बेंगळुरूच्या मध्यभागात १० किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होते. इथं तो मोड शहरानंच लावून ठेवलाय.

याच बेंगळुरूत १६३८ नंतर शहाजीराजांचा मुक्काम होता. दारात उतरणाऱ्या सरदाराच्या घोड्याचा लगाम धरायला तेव्हा मोतद्दार असे. त्याच्याकडे ना टोकन, ना फळा. घोडा आपल्या धन्याला ओळखायचा आणि भलत्याला पाठीवरून फेकून द्यायचा. अमेरिकेत हर्ब सिट्रिन नावाच्या तरुणानं १९४६ मध्ये लॉस एंजेलिसात हॉटेलांसाठी गाड्या लावून द्यायची कंपनी काढली, तोवर वाहन माणसाला ओळखायचं विसरलं होतं. आता ते पुन्हा ओळखायला शिकलंय, पण चावीला.

पाऊण तासानं रिक्षा परत आली. या वेळी पोरगा रेनकोटासकटच उतरला. दाजींच्या खिडकीत कोपरापर्यंत वाकून म्हणाला, "सर, आधी टोकन द्या. जमा नाही केलं तर सुपरवायझर पैसे कापतो."

दाजी टोकन शोधायला लागले. ते माझ्याकडे होतं, ओलं होऊन त्याचा लगदा झालेला. मी तो त्याच्या तळहातावर ठेवला. तो उजेडात धरून नंबर वाचायला लागला आणि दाजींनी, नुसतं पाहावं म्हणून, बटण दाबलं.

गाडी सुरू झाली. ताई म्हणाली, "चला एकदाचे," आणि दाजींनी गिअर टाकला.

"सर! सर!" पोरगा रेनकोटाचा खिसा दाबून धरत गाडीबरोबर पळायला लागला.