कानसेन होण्याची पहिली पायरी

"शास्त्रीय गाणे थोर असेल, पण आम्हांला त्यातले काही कळत नाही," असे पुष्कळ मंडळी संकोचाने सांगतात आणि मैफिलीकडे फिरकत नाहीत. आज आम्ही बोलणार आहोत ते या मंडळींशी. जाणकारांनी घटकाभर क्षमा करावी.

खासबागेच्या मैदानात कुस्ती पाहावयास बसणारा प्रत्येक जण काही लाल मातीत घुमलेला नसतो. डावांची नावे त्याला आरंभी ठाऊक नसतात. तरी पकड कोणाची बसली, हे त्याच्या डोळ्यांना समजते. नावे मागाहून येतात. गाण्याचेही तसेच आहे. रागाचे नाव सांगता येणे हा ऐकण्याचा आरंभ नव्हे. ते ऐकण्याचे फळ आहे.

मग आरंभ कोठून करावा? आम्ही तीन गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट षड्जाची. तंबोरे जुळत असतात तेव्हा आपण शेजाऱ्याशी बोलत असतो. वास्तविक पहिला धडा तेथेच असतो. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी तीन षड्जात लावलेल्या असतात. तो 'सा' म्हणजे गवयाचे घर. तो कानात धरून ठेवावा. म्हणजे गवई घरापासून किती दूर गेला आणि केव्हा परतला, हे आपोआप जाणवू लागते.

दुसरी गोष्ट समेची. त्रितालाच्या १६ मात्रा बोटांवर मोजाव्या; पहिलीवर सम, नववीवर खाली. बंदिशीच्या मुखड्यातले एक ठरावीक अक्षर समेवर येऊन बसते. ते ओळखले, की पुढच्या वेळी आपण त्याची वाट पाहू लागतो. वाट पाहू लागला तो श्रोता झालाच!

तिसरी गोष्ट एका रागाची. दहा राग एकेकदा ऐकण्यापेक्षा एक राग दहांच्या गळ्यातून ऐकावा. भूप घ्या. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. तो कानांत मुरला, की देशकार ऐकावा. स्वर तेच पाच. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गंधाराशी रमतो, तर देशकार सकाळी धैवतावर भर देतो. घर तेच, माणूस निराळा. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, हे येथे पुस्तकावाचून समजते.

आता एक घरची गोष्ट. अल्लादियाखाँ हे शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर ते मुंबईस गेले. पण त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांनी ती विद्या येथे राखली आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्यांना दिली. हे घराणे अनवट आणि जोडरागांसाठी प्रसिद्ध. अभिमान जरूर बाळगावा. पण नवख्याने त्या चढावर प्रथमच पाऊल टाकू नये. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवीची ध्वनिमुद्रिका जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर ती अंतराळात धाडण्यात आली. जी तारकांपर्यंत निघाली आहे, ती आपल्या मोबाइलवर सहज मिळते. तिच्यापासून आरंभ करण्यास काय हरकत आहे?

मात्र यंत्रावर थांबू नये. मैफिलीत गवई श्रोत्याचे तोंड पाहून गातो. योग्य जागी मान डोलली तर त्याला हुरूप येतो. कोल्हापुरात १८८३ पासून देवल क्लबाने ही बैठकीची रीत जोपासली. पूर्वी गवयाच्या पाठीशी दरबार होता. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय संपला; आता गवयाचा आश्रयदाता म्हणजे तिकीट काढून बसणारा तुमच्याआमच्यासारखा माणूस. शिष्य असूनही श्रोते नसतील, तर विद्या पोथीत राहील, गळ्यात राहणार नाही.

म्हणून रोज अर्धा तास, एक राग, एक महिना, एवढाच नेम धरावा आणि मग एखाद्या बैठकीस जाऊन बसावे. तंबोरे जुळण्यापूर्वी पोहोचावे, एवढीच आमची विनंती.