लसीच्या चाचणीवर पहारा कोणाचा?



मुंबईत प्लेगचे थैमान चालू असता, १० जानेवारी १८९७ रोजी आपल्याच धर्माचे शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः सिद्ध केलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे ती भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या बंदिवानांना देण्यात आली. (बंदिवानाची स्वेच्छा कितपत स्वेच्छा, हा प्रश्न आज आपण विचारलाच असता.) हाफकिन यांचे धैर्य निःसंशय, परंतु करणाऱ्याचे धैर्य म्हणजे घेणाऱ्याचे संरक्षण नव्हे.

१९०२ साली पंजाबातील मलकोवाल येथे, चाचणीत नव्हे तर लसीकरणाच्या मोहिमेत, एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडले. त्रयस्थ देखरेख आधीपासून असती, तर लाभ त्यांचाही झाला असता.

कातडीवरील डागांची परीक्षा कोहेनाने करावी, असे तोरा सांगते. मात्र कोहेनाला स्वतःचे डाग तपासता येत नाहीत, असा मिश्नेचा नियम आहे. आजच्या व्यवस्थेचे मर्म हेच आहे. मोठ्या चाचणीत खरी लस कोणास मिळाली, हे सहभागी व्यक्तीस ठाऊक नसते आणि तिच्या डॉक्टरांसही नसते. मग एका गटातच आजार वाढू लागले, तर ते कोणाच्या ध्यानी यावे? याकरिता डॉक्टर व संख्याशास्त्रज्ञ यांचे स्वतंत्र सुरक्षा मंडळ नेमतात. कंपनीच्या नफ्यातोट्याशी त्याचा संबंध नसावा लागतो. दोन्ही गटांची गुप्त माहिती उघडून पाहण्याचा अधिकार त्यास असतो, आणि चाचणी थांबवावी अशी शिफारसही ते करू शकते.

रुग्णालयाची नीतिसमिती निराळी. भारताच्या २०१९ च्या नियमांनुसार गंभीर अपाय घडल्यास प्रमुख संशोधकाने २४ तासांच्या आत शासनाच्या औषध नियंत्रकांस, चाचणीच्या प्रायोजकास व या समितीस कळवावयाचे असते.

सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनमधील एका सहभागी व्यक्तीस अनपेक्षित आजार झाला आणि ऑक्सफर्डच्या कोविड लसीची चाचणी थांबली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची चाचणीही औषध नियंत्रकांनी थांबविली व सुरक्षा मंडळाचा अभिप्राय पाहून १५ सप्टेंबरला पुन्हा परवानगी दिली. चाचणी थांबली म्हणून पुष्कळ लोक घाबरले. वस्तुतः पहारेकरी जागा असल्याची ती खूण होती.

आपल्या घरातील कोणी चाचणीत भाग घेणार असेल, तर सुरक्षा मंडळ नेमले आहे काय, हे अवश्य विचारावे. संमतिपत्राची प्रत मागून घ्यावी आणि नीतिसमितीशी संपर्क कोठे साधावयाचा, ते त्यात पाहून ठेवावे.