एसीएल फाटलंय, पण ऑपरेशन कधी?

कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू झटक्यात वळतो, पाऊल जमिनीत रोवलेलं राहतं आणि गुडघा आतल्या आत पिळवटतो. अनेकांना ‘खट्’ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. सांध्यात रक्त साचून काही तासांत गुडघा टम्म फुगतो. स्कूटर घसरून पाय खाली अडकला तरी हेच घडतं. मग एमआरआयचा रिपोर्ट येतो: एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, पूर्ण फाटलंय. लगेच घरात सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, याच आठवड्यात ऑपरेशन उरकून टाका. कुणी म्हणतं, वर्षभर थांबा, मालीश करा, बसेल आपोआप. दोन्ही सल्ले काळजीपोटीच दिलेले असतात आणि दोन्हींमुळे गुडघ्याचं नुकसान होऊ शकतं.

गैरसमज: लगेच शिवलं नाही तर तुटलेली टोकं आखडतात, मग ऑपरेशन जमत नाही.

एसीएलच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये तुटलेली टोकं शिवत नाहीतच. रुग्णाच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची स्नायूबंधाची पट्टी घेऊन दुर्बिणीतून नवं लिगामेंट बसवतात. ती पट्टी आज जशी आहे तशीच सहा आठवड्यांनीही असते, त्यामुळे टोकं आखडण्याची भीती या निर्णयात धरायचं कारण नाही.

उलट सुजलेल्या, तापलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केली तर सांधा आखडण्याचा धोका असतो. अमेरिकेतले शल्यविशारद डोनाल्ड शेलबर्न आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिलं की, दुखापतीनंतर पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन झालेल्यांमध्ये गुडघा आखडण्याचं प्रमाण जास्त होतं. आजची तंत्रं आणि व्यायामपद्धती सुधारल्या आहेत, तरी बहुतेक सर्जन आधी गुडघा शांत होऊ देतात. सूज उतरली का, गुडघा पूर्ण सरळ होतो का, पुरेसा वाकतो का, लंगडणं थांबलं का, पाय सरळ ठेवून उचलता येतो का, हे ते पाहतात. बहुतेकांना इथवर यायला तीन ते सहा आठवडे लागतात. कुणी लवकर येतं, कुणाला जास्त वेळ लागतो. तारीख या खुणांवरून ठरावी, कॅलेंडरवरून नाही.

हे आठवडे नुसते झोपून काढायचे नसतात. आपल्याकडे घरोघरी दुखऱ्या गुडघ्याखाली उशी सरकवतात. आराम वाटतो, पण गुडघा अर्धवट वाकलेलाच राहतो आणि पुढे सरळ होताना त्रास देतो. फिजिओ नेमकं उलटं शिकवतात: टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची आणि गुडघा वरून मोकळा सोडायचा. या दिवसांत तेल लावून जोरात रगडणं मात्र टाळावं. त्याने लिगामेंट जुळत नाही, सूज वाढू शकते.

गैरसमज: एसीएल फाटलं म्हणजे ऑपरेशन ठरलेलंच.

हे खरं आहे का, याचा नीट शोध स्वीडनमध्ये घेतला गेला. १८ ते ३५ वयोगटातल्या १२१ चपळ तरुणांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटावर लवकर ऑपरेशन झालं. दुसऱ्या गटाने आधी शिस्तीने व्यायाम केला आणि गरज पडली तरच पुढे ऑपरेशन. २०१० साली दोन वर्षांचे निष्कर्ष आले, तेव्हा दुखणं, हालचाल आणि खेळ यांत दोन्ही गट जवळपास सारखेच होते. दुसऱ्या गटातल्या ३९ टक्क्यांना तोवर ऑपरेशन करून घ्यावं लागलं होतं आणि पाच वर्षांनी हा आकडा ५१ टक्क्यांवर गेला. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक ऑपरेशनशिवाय राहू शकले. नेदरलँड्समध्ये १६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही व्यायामाच्या गटातल्या निम्म्यांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलं नाही. तिथे लवकर ऑपरेशन झालेल्यांना थोडा जास्त फायदा दिसला, पण तो लहान होता.

यावरून ऑपरेशन निरुपयोगी ठरवणं हा मला तितकाच मोठा गैरसमज वाटतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ३१६ रुग्ण होते. त्यांची दुखापत ताजी नव्हती, पण गुडघा सारखा दगा देत होता. तिथे ऑपरेशनचा गट सरस ठरला. तीनही अभ्यास एकत्र वाचले की दिशा कळते: ताज्या दुखापतीत बहुतेकांना आधी मनापासून व्यायाम करून पाहायला जागा आहे, आणि त्यानंतरही गुडघा निसटत असेल तर ताटकळत बसू नये.

गैरसमज: चालता येतंय ना, मग ऑपरेशन कधीही केलं तरी चालेल.

सरळ चालताना एसीएलची फारशी गरजच पडत नाही. काही आठवड्यांत दुखणंही जातं, आणि इथेच माणूस फसतो. वळताना, जिना उतरताना, शेताच्या बांधावरून उडी मारताना गुडघा निसटतो, आणि प्रत्येक वेळी आतली गादी म्हणजे मेनिस्कस आणि कूर्चा चिरडली जाऊ शकते. अस्थिर गुडघा घेऊन महिनोन्‌महिने काढणाऱ्यांमध्ये आतल्या बाजूची गादी फाटण्याचं प्रमाण वाढत जातं. नवं लिगामेंट बसवता येतं, झिजलेली गादी पहिल्यासारखी होत नाही. पोलीस भरतीच्या तयारीतली मुलं पट्टा बांधून तशीच धावत राहतात, त्यांच्याबद्दल फार काळजी वाटते. वाढीच्या वयातल्या मुलांनाही पूर्वी सरसकट ‘हाडांची वाढ संपू दे’ म्हणून थांबवत. आता वाढीच्या भागाला जपणारी तंत्रं असल्यामुळे गुडघा अस्थिर असेल तर इतकं थांबवत नाहीत.

काही वेळा मात्र खरंच घाई हवी. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर गादीचा फाटलेला तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो आणि ती वाचवायची तर लवकर शिवावी लागते. बाहेरच्या कोपऱ्यातली लिगामेंट तुटली असतील तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुरुस्ती सोपी जाते. गुडघाच निखळला असेल, पाऊल गार किंवा पांढरं पडलं असेल, तर मागची रक्तवाहिनी तुटलेली असू शकते. तिथे पाय वाचवायला ६ ते ८ तासच हातात असतात. अशा वेळी हाडवैद्याकडे न जाता थेट मोठं रुग्णालय गाठावं.

गैरसमज: लवकर ऑपरेशन म्हणजे लवकर मैदान.

बसवलेली पट्टी शरीरात मुरायला, तिला रक्तपुरवठा मिळायला महिने लागतात. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की, नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरणं हीसुद्धा एक अट.

म्हणून तारीख ठरवताना पुढचे नऊ महिने डोळ्यांसमोर हवेत. फिजिओ तालुक्याला असेल आणि जायला एसटीच असेल, तर पहिल्या दीड-दोन महिन्यांची सोय आधी लावावी. तातडीची कारणं नसतील आणि गुडघा जपून वापरता येत असेल, तर दहावी-बारावीची परीक्षा किंवा पेरणी आटोपून तारीख घ्यायची का, हे सर्जनला मोकळेपणाने विचारावं.