वाण्याची पिशवी आणि लोकसभा

"तुरीची डाळ सुटी घ्या, कर नाही, पिशवीची घ्याल तर शेकडा ५!" १८ जुलै २०२२ रोजी आमच्या वाण्याने असे बजावले, तेव्हा मला थट्टाच वाटली. पण नाही. पूर्वी नोंदणीकृत छापालाच असलेला जी.एस.टी. आता २५ किलोपर्यंतच्या प्रत्येक सीलबंद, लेबल लावलेल्या पिशवीला लागला होता. त्यावरचे पोते मात्र मोकळे! म्हणजे वर्षाचे धान्य भरणारा सुटला, दोन-दोन किलो आणणारा सापडला.

गंमत अशी, की संसदेचे पावसाळी अधिवेशनही त्याच दिवशी सुरू झाले. महागाईवर चर्चा हवी म्हणून दोन आठवडे गोंधळ. लोकसभेचे चार सभासद निलंबित. चर्चा झाली १ ऑगस्टला. काकोली घोष दस्तिदार यांनी भर सभागृहात कच्चे वांगेच चावले. गॅस इतका महाग, तर भाजी कच्ची खायची काय, हा त्यांचा सवाल! अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचे म्हणणे, हा निर्णय जी.एस.टी. परिषदेत सर्व राज्यांच्या संमतीने झाला. तेही खरेच. दराची शिफारस परिषद करते. सभागृहाने विचारायचे ते मागाहून.

हे सारे मी हिला समजावून सांगितले.

"चौदा दिवस?" ही म्हणाली, "तेवढ्यात आपल्याकडे पीठ दोनदा आलं की हो!"