कोयता बाहेर, बाळ आजीकडे

बीड जिल्ह्यातील शिक्षणाविषयी जे लिहिले गेले आहे, त्यात शाळागळती, ऊसतोडीचे स्थलांतर आणि शिक्षकांच्या रिक्त जागा यांची चर्चा विपुल आढळते. परंतु शाळेत नाव घालण्यापूर्वीच्या तीन वर्षांत मुलाला बोलते करणाऱ्या आणि चारचौघांत बसायला शिकवणाऱ्या स्त्रीची नोंद मात्र फारच त्रोटक आहे. ही स्त्री बहुधा त्याच गावची सून असते, अंगणवाडीत ती ‘बाई’ आणि घरी ‘आजी’ असते, आणि या दोन कामांपैकी ज्या कामाचे हजेरीपत्रक असते तेवढेच कागदावर येते.

तिच्या कामाचे मूळ शोधू गेल्यास ते मराठवाड्याबाहेर सापडते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, आणि १९४५ मध्ये त्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांना बरोबर घेऊन बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या प्रयोगाला लागल्या. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि माँटेसरीची महाग साधने खेड्याला परवडणारी नसल्याने शंख, शिंपले, पाने व बिया यांनाच साधनांचा मान दिला. हे काम पुढे कोसबाडला स्थिरावले. याच काळात, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे येथे बालशिक्षण ध्येयवादी संस्थेच्या हातून येण्याऐवजी मुख्यतः सरकारी योजनेच्या रूपाने आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एकाच ठिकाणी आणणारी व्यवस्था, हीच ती योजना होय.

बीडमध्ये या व्यवस्थेची खरी परीक्षा दसरा-दिवाळीनंतर सुरू होते. बालाघाटाच्या डोंगराळ, कमी पावसाच्या पट्ट्यातून हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात. अशा जोडप्याला एक ‘कोयता’ असे मोजले जाते, त्याने मुकादमाकडून आधी घेतलेल्या रकमेला ‘उचल’ म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहावे लागते. तान्हे मूल आईबरोबर जाते. थोडे मोठे मूल आजीकडे ठेवायचे की सोबत न्यायचे, याचा निर्णय आजीचे गुडघे आणि डोळे कितपत साथ देतात यावर ठरतो, आणि शासकीय अहवालांत ज्याला स्थलांतराचे कारण म्हणतात त्यात या गुडघ्यांचा उल्लेख कधी येत नाही. मागे राहणाऱ्या शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. परंतु अनेक ठिकाणी तिचा अर्थ शाळेत दोन वेळचे जेवण आणि मुक्काम आजीच्याच घरी एवढाच उरतो, आणि तीन ते सहा वर्षांचे मूल तर त्या योजनेतही बसत नाही.

सेविका स्वतः आजी असली की अंगणवाडीतले काम कसे बदलते, हे वजनाच्या दिवशी दिसते. वजनकाट्याला लावलेल्या झोळीत मूल ठेवले की ते किंचाळते, आणि वजन केल्याने दृष्ट लागते ही समजूत असलेली म्हातारी त्याला उचलून घराकडे वळते. अशा वेळी तक्त्यावरील वाढरेषा समजावत बसण्यापेक्षा बाईने आपल्याच नातवाला आधी झोळीत बसवणे अधिक उपयोगी पडते. शिक्षणाचेही तसेच आहे. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी, मोजायला चिंचोके, रांग लावायला खडे ही साधने कोसबाडच्या विचारात चपखल बसतात, पण बीडच्या खेड्यातील स्त्रीला ती शिकायला कोसबाडला जावे लागले नाही. ती तिच्या आजीकडूनच तिच्यापर्यंत आली होती. प्रशिक्षणाने तिला दिले ते वेळापत्रक, नोंदवह्या आणि आपण करतो त्याला शिक्षण म्हणतात हा विश्वास.

नोंदवह्या मात्र वाढतच गेल्या. गरोदर मातांची नोंद, जन्म, लसीकरण, आहारवाटप हे सारे तिच्याच हाती आले, आणि ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली, म्हणजे राज्यातील सर्वांत कमी, होत्या, तेथे त्या वहीतील कोरी जागाही बरेच काही सांगणारी होती.

एवढ्या कामाचा मोबदला पगार नसून ‘मानधन’ आहे; योजनेच्या आरंभी मॅट्रिक झालेल्या सेविकेला ते महिना १५० रुपये आणि मॅट्रिक न झालेल्या सेविकेला १०० रुपये होते. नोकरी नव्हे तर स्वयंसेवा, या शब्दांच्या आडोशाने निवृत्तीचे लाभही दीर्घकाळ नाकारले गेले. गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका व मदतनीस १९७२ च्या उपदान कायद्यानुसार ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्णय दिला, तोवर पहिल्या काळात नेमलेल्या अनेक जणी रिकाम्या हाताने निवृत्त झाल्या होत्या. त्यांपैकी ज्यांचे मुलगा-सून कोयत्यावर जातात, त्यांच्या घरी दिवाळीनंतर पुन्हा दोन-तीन नातवंडे असतात, आणि त्या कामाला मानधनाचे नावही नाही.