जुन्या वेलींची शेनिन
दक्षिण आफ्रिकेच्या स्वार्टलँड भागात शेनिन ब्लाँच्या जुन्या वेली मांडवाशिवाय, झुडपासारख्या वाढतात. बऱ्याचशा तर निव्वळ पावसावर. (हीच जात नाशिकमध्येही वाइनसाठी लावतात.) वय झालं की वेलीला माल कमी येतो, म्हणून कित्येक बागा उपटल्या गेल्या. पण त्या थोड्या द्राक्षांत रस दाट उतरतो. त्याची ड्राय वाइन जवळपास बिनसाखरेची, तरी तोंडात भरीव. सुक्या जर्दाळूचा वास, धारदार आंबटपणा आणि शेवटी किंचित खारटपणा. नुसता ताज्या फळांचा घमघमाट हवा असेल, तर तरुण वेलींचीच बरी. तिथल्या ‘ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट’च्या शिक्क्यासाठी बाग किमान ३५ वर्षांची लागते आणि लागवडीचं साल शिक्क्यावरच असतं. एरवी ‘ओल्ड व्हाइन’ छापायला बहुतेक देशांत वयाची कायदेशीर अट नाही. तेव्हा साल पाहूनच बाटली घ्या.